फ्लॉवर आधी पानांत वाढतो

फ्लॉवरचं बी आणायला गेलात तर दुकानदाराला आधी महिना सांगा, मग जात विचारा. वांगी, टोमॅटो, मिरची पंधरवडाभर मागंपुढं झाली तरी सांभाळून घेतात. फ्लॉवर घेत नाही. पुसा दीपाली, अर्ली कुंवारी यांसारख्या लवकरच्या जातींना गड्डा धरायला साधारण २० ते २७ अंश तापमान लागतं, तर स्नोबॉल गटातल्या जातींना १० ते १६ अंश. लवकरची जात उशिरा लावून थंडीत सापडली तर रोप अजून हातभरही झालेलं नसताना गड्डा धरून बसते. उलट, स्नोबॉल उकाड्यात लावला तर पानांवर पानं येत राहतात आणि गड्ड्याचा पत्ताच नसतो. पाकिटावरचा फोटो दोन्हींचा सारखाच असतो, म्हणून पाकीट उलटून जात आणि हंगाम वाचणं हे या पिकातलं पहिलं काम.

आमचं घर नाशिकला, गंगापूर धरणाकडच्या अंगाला. मागे परसात काळी माती आहे आणि हिवाळ्यात दुपार टळेपर्यंत चांगलं ऊन असतं. पालेभाज्या, वाल, दोडकी वर्षानुवर्षं होतात. फ्लॉवर लावायचा ठरवला तेव्हा मी दिंडोरीकडच्या अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांना, फोन केला. त्यांची आता सगळी द्राक्षबाग आहे, पण पूर्वी ते कोबी-फ्लॉवर करायचे. त्यांनी खताचं, औषधाचं काही सांगितलं नाही. म्हणाले, "सूनबाई, फ्लॉवरला वाढताना थांबू द्यायचं नाही. एकदा थांबला की मग काय बी घाल, तो गड्डा लहानच राहणार." पुढचे पाच-सहा महिने मी जे जे केलं ते या एका वाक्याभोवती फिरत राहिलं.

मी दोन हंगाम साधायचे ठरवले. लवकरच्या हंगामासाठी पुसा दीपाली, थंडीसाठी पुसा स्नोबॉल के-१. आपल्याकडे इतक्या निरनिराळ्या हवामानाच्या जाती आहेत यामागं मोठा इतिहास आहे. फ्लॉवर भारतात आला १८२२ मध्ये, सहारनपूरच्या कंपनी बागेत. तो होता इंग्लंडच्या थंड हवेतला. उत्तरेतल्या भाजी पिकवणाऱ्यांनी ऊन आणि पाऊस सोसून ज्या रोपांनी गड्डा दिला त्यांचंच बी राखत राखत उष्ण हवेत येणारा फ्लॉवर तयार केला. आज गणपतीच्या आसपास आपण रोपं लावू शकतो ती त्यांच्यामुळे. स्नोबॉल मात्र थंडीचाच राहिला. त्याला बी धरायलासुद्धा कडक थंडी लागते, म्हणून त्याचं बीजोत्पादन डोंगराळ भागात होतं. के-१ ही जात तर कुलू खोऱ्यातल्या कटराईनच्या संशोधन केंद्रात तयार झाली.

पेरणीच्या तारखा मी पंचांगावरून धरल्या. फ्लॉवरचं रोप २५ ते ३० दिवसांचं झालं की लावायचं असतं. नागपंचमीला पेरलं की गणेश चतुर्थीला रोप तयार. घटस्थापनेला पेरलं की लक्ष्मीपूजनाला रोप तयार. दोन्हीकडे मधे एक चांद्रमास येतो. कॅलेंडरवर खुणा करायची गरज पडली नाही, आणि सासूबाईंना हे गणित इतकं आवडलं की ट्रेमध्ये पहिलं बी त्यांनीच टाकलं.

बी अगदी बारीक, मोहरीसारखं. एका ग्रॅममध्ये ३०० च्या आसपास बिया भरतात, त्यामुळे घरासाठी लहानात लहान पाकीटही पुरून उरतं. उरलेलं बी काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं. पेरण्याआधी मी बियांना गरम पाण्याची प्रक्रिया केली. घाण्या रोगाचे जिवाणू बियांतून येतात, आणि ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवलं की ते मरतात, बी मरत नाही. त्यासाठी पाच अंश इकडेतिकडे होऊन चालत नाही. मलमलीच्या फडक्यात बियांची सैल पुरचुंडी बांधली, तोंडाशी रुंद असलेल्या थर्मासमध्ये पाणी घेतलं, त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडला आणि पारा उतरायला लागला की चमचा चमचा गरम पाणी घालत बसले. नंतर पुरचुंडी गार पाण्यात बुडवली, बी सावलीत वर्तमानपत्रावर पसरून सुकवलं आणि ट्रायकोडर्मा, म्हणजे रोपाला रोगांपासून जपणारी उपयोगी बुरशी, चोळून पेरलं. वेळखाऊ काम आहे, पण मला ते फवारणीपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं, कारण घाण्या एकदा पिकात शिरला की त्यावर हुकमी औषध नाही.

ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं. श्रावणातल्या झडीपासून वाचवायला वर शेडनेट, पण खालून वारा खेळता. रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात ती जास्त पाण्यानं आणि कोंदट हवेनं. म्हणून पाणी सकाळी एकदाच, आणि वरची माती सुकल्यासारखी दिसल्यावरच. चार-पाच दिवसांत उगवण झाली. पहिली दोन खरी पानं आली की शेणखताचं पातळ गाळीव पाणी सुरू केलं. कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतंच, आणि रोप पिवळं पडून थांबण्याची पहिली जागा हीच. लावायच्या आधी प्रत्येक रोपाचा शेंडा पाहिला. काही रोपांना पानं धडधाकट असतात पण मधला कोंबच नसतो. अशा रोपाला गड्डा कधीच येत नाही, ते तिथंच बाजूला काढायचं.

वाफा दहा फूट लांब, चार फूट रुंद, आणि जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा. काळ्या मातीत हे हवंच, नाहीतर एका पावसात मुळं गुदमरतात. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर धरलं, तेव्हा जेमतेम डझनभर रोपं मावली. वाफा रिकामा रिकामा दिसतो आणि मधे चार रोपं घुसवावीशी वाटतात. तो मोह आवरावा. पूर्ण वाढलेलं रोप सहज दोन-अडीच फूट पसरतं. एका वाफ्याला तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत, पाटीभर गांडूळखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळली.

एक गोष्ट मोजून घातली, ती म्हणजे बोरॅक्स. माती तपासून घेतली होती. सामू (पीएच) आठच्या वर निघाला. अशा चुनखडीच्या मातीत बोरॉन असला तरी मुळांना मिळत नाही, आणि फ्लॉवरला तर तो इतर भाज्यांपेक्षा जास्त लागतो. कमी पडला की दांडा आतून पोकळ होतो आणि गड्ड्यावर तपकिरी डाग पडतात, कापल्यावर ते आतपर्यंत गेलेले दिसतात. शेतीत हेक्टरी १० ते १५ किलो बोरॅक्स देतात. परसातल्या हिशेबानं चौरस मीटरला एक-दीड ग्रॅम, म्हणजे माझ्या अख्ख्या वाफ्याला सपाट चहाचा चमचाभर. बादलीभर पाण्यात विरघळवून झारीनं सारखं शिंपडलं. यात हात सैल सोडायचा नाही. बोरॉन जास्त झाला की तो विषच आहे.

लागवड संध्याकाळी केली, ऊन उतरल्यावर. दोन दिवसांत रोपांनी माना वर केल्या.

इथून पुढचे सहा-सात आठवडे गड्ड्याचा विचारही करायचा नाही. सगळं लक्ष पानांकडे. गड्डा स्वतः अन्न तयार करत नाही. तो येण्याआधी जेवढी पानं झाली असतील आणि ती जेवढी रुंद असतील, तेवढंच अन्न त्याला मिळतं. गड्डा दिसायला लागल्यावर खत घालणारे मी पाहिले आहेत, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. मी लागवडीनंतर दहा-बारा दिवसांनी शेंगदाणा पेंड भिजवून आंबवलेलं पाणी दहापट पातळ करून दिलं आणि मग आठवड्या-दीड आठवड्यानं देत राहिले. महिना भरताना खुरपणी करून बुंध्याला मातीची भर लावली आणि मूठ-मूठ गांडूळखत त्या मातीत मिसळलं. वर सोयाबीनच्या भुशाचं आच्छादन. पाणी वाफसा बघून. काळी माती वरून भेगाळलेली दिसते आणि बोटभर खाली ओली असते, त्यामुळे बोट खुपसून बघितल्याशिवाय मी नळ सोडला नाही.

पानं न थांबता वाढली तर काय होतं आणि थांबली तर काय होतं, हे मला शेजारी शेजारी बघायला मिळालं. दिवाळीत समोरच्या काकूंनी त्यांच्याकडची उरलेली फ्लॉवरची रोपं आणून दिली. जात माझीच, स्नोबॉल, पण ट्रेमध्ये दीड महिन्याच्या वर राहिलेली. खालची पानं पिवळी, दांडा जांभळट आणि काटकीसारखा कडक, मुळांचा कप्प्यात गुंता. काकूंना नाही म्हणवेना, आणि मलाही बघायचं होतं, म्हणून ती वाफ्याच्या टोकाला लावली. माती तीच, खतपाणी तेच. माझी रोपं पानांनी भरत होती तेव्हा काकूंच्या रोपांनी सात-आठ आखूड पानांवर गड्डा धरला, बटणाएवढा. तो लिंबाएवढा होईपर्यंत सुटून पिवळा पडला. ज्या वयात मुळं पसरायची त्या वयात रोप कप्प्यात उपाशी थांबलं, आणि नंतर मिळालेल्या चांगल्या मातीचा त्याला काही उपयोग झाला नाही. रोपवाटिकेत उंच, जुनं रोप बघून तेच निवडणारे बरेच असतात. मी आता चार-पाच पानांचं, ठेंगणं, हिरवंगार रोपच उचला म्हणून सांगते.

किडींचं म्हणाल तर खरी लढाई एकाच किडीशी झाली, चौकोनी ठिपक्याच्या पतंगाशी. पतंग अगदी लहान, करड्या रंगाचा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटींची रांग दिसते. त्याची अळी पानाच्या खालच्या बाजूला राहून हिरवा भाग खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच सोडते, त्यामुळे पानाला पारदर्शक खिडक्या पडल्यासारख्या दिसतात. ही अळी ओळखायची खूण म्हणजे तिला काडी लावून बघायची. ती झटके देत मागं सरकते आणि रेशमी धागा सोडून पानाखाली लोंबकळते. थोड्या वेळानं त्याच धाग्यानं परत वर चढते. दुसऱ्या कुठल्या अळीनं माझ्यासमोर असं केलेलं नाही.

तिच्यासाठी वाफ्याच्या दोन्ही कडांना मोहरी पेरली होती, एक ओळ लागवडीच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी कायम हजर राहते. पतंग मोहरीवर अंडी घालायला जास्त येतात. मावाही आधी तिथंच दिसला. त्या ओळींवर लक्ष ठेवून, अळ्या वाढल्या की मोहरीचे शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवत होते. फ्लॉवरवर पाच टक्के निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून, गाळून. अळ्या तरीही वाढल्या तेव्हा बीटीचा, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचा, फवारा संध्याकाळी मारला, कारण उन्हात तो लवकर निकामी होतो. फवारा पानाच्या खालून लागला पाहिजे. वरून कितीही मारला तरी अळी खाली सुखरूप असते.

लवकरचा दीपाली दिवाळीपासून पुढं तुळशीच्या लग्नापर्यंत काढला. ऑक्टोबरची उष्णता त्याला जाणवली. दोन-तीन गड्ड्यांवर बारीक लव आल्यासारखी झाली, हात फिरवला की मखमल लागते तशी. म्हणजे कळ्या सुटायला लागल्या. असा गड्डा मोठा व्हायची वाट बघण्यात अर्थ नसतो, त्याच दिवशी काढला. चवीला काहीही कमी नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी झाला आणि चार दिवस आभाळ हटलं नाही. त्यानंतर स्नोबॉलच्या दोन रोपांच्या पानांच्या कडांना पिवळे त्रिकोण दिसले, टोक आत मधल्या शिरेकडे, आणि त्या त्रिकोणातल्या शिरा काळ्या. घाण्या. पावसाच्या उडत्या चिखलातूनही तो पसरतो, बी स्वच्छ असलं तरी. ती पानं कोरड्या दुपारी, दव पूर्ण वाळल्यावर, देठापासून कापली आणि कंपोस्टमध्ये न टाकता जाळली. कात्री स्पिरिटनं पुसली. पाणी पानांवर पडू न देता बुंध्याशीच द्यायला लागले. रोग त्या दोन रोपांवर थांबला.

डिसेंबरात थंडी पडली. पेपरात रोज निफाडचा, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा छापून यायला लागला. तिकडे द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटत होत्या. अण्णांच्या आवाजात काळजी होती, त्यामुळे माझ्या वाफ्याला हीच थंडी मानवते आहे हे त्यांना लगेच सांगवलं नाही. त्यांनीच विचारलं, "तुझा फ्लॉवर खूश असल आता?" होता. पानं निळसर हिरवी, जाड, वरून मेणचट, पाण्याचे थेंब न भिजवता ओघळून जाणारी.

जानेवारीच्या सुरुवातीला मधली पानं आत वळून एकमेकांवर मिटायला लागली. ही गड्डा धरल्याची खूण. दोन बोटांनी ती अलगद फाकवली तर तळाशी नखाएवढा पांढरा ठिपका. दुसऱ्या आठवड्यात तो लाडवाएवढा झाला. भिंग घेऊन बघितलं तर प्रत्येक तुरा म्हणजे पुन्हा एक छोटा फ्लॉवर, त्याच्यावर त्याहून छोटे, सगळे मळसूत्री ओळींत. असं का होतं याचा उलगडा फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडला. प्रत्येक कोंब फूल व्हायला निघतो, फूल होत नाही, पुन्हा दांडा होतो आणि त्याला फुटलेले कोंबही तेच करतात. आपण भाजीत घालतो ते हेच, फुलाच्या वाटेवर अडलेले हजारो कोंब. हे कळल्यावर मी घरातल्या सगळ्यांना भिंग देऊन एकेक करून वाफ्यावर नेलं.

गड्डा लाडवाच्या पुढे गेला की झाकायचा. ऊन लागलं की तो पिवळा पडतो, कधी जांभळट छटा येते. खाण्याला त्यानं बाधा नाही, पण पांढरा हवा असेल तर बाहेरची मोठी पानं वर गोळा करून सुतळीनं सैल बांधायची. मी काही बांधली, काहींवर एकच मोठं पान मधल्या शिरेत मोडून टोपीसारखं घातलं. मला दुसरी पद्धत जास्त आवडली. वारा खेळतो, दव आत साचत नाही आणि सकाळी पान उचलून बघता येतं. बांधलेल्या एका गड्ड्याच्या आत गोगलगाय बसलेली सापडली, त्यामुळे बांधायचं असेल तर रोज सुतळी सोडून बघावं.

काढणीची वेळ वजनावरून ठरवायची नाही. गड्डा घट्ट आहे तोवर वाट बघता येते. कडेचे तुरे एकमेकांपासून सुटून फटी दिसायला लागल्या की संपलं, पुढं फक्त दांडे लांबतात. संक्रांत झाल्यावर पहिला काढला, सकाळी, दव असताना, धारदार सुरीनं, खालची चार पानं गड्ड्याला ठेवून. सगळ्यात मोठा सव्वा किलोचा भरला, बाकीचे किलोच्या आतबाहेर. दांडा आडवा कापून बघितला. भरीव, पांढरा, कुठंही पोकळी नाही. बोरॅक्सच्या त्या चमचाभर पाण्याचं समाधान तेव्हा झालं.

तुरे कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले, लपलेली अळी असली तर वर येते. पहिल्या गड्ड्याचा सासूबाईंनी ओल्या मटारांचा रस्सा केला, आलं आणि थोडा गोडा मसाला, बस. ताज्या फ्लॉवरला बाजारच्यासारखा उग्र वास येत नाही आणि तो शिजायलाही कमी वेळ घेतो, म्हणून मटार आधी अर्धे शिजवून मग तुरे घातले. कोवळी आतली पानं आणि सोललेला दांडा टाकू नयेत. पानांची लसूण-मिरचीची परतून भाजी होते, दांड्याच्या चकत्या लोणच्यात गाजराबरोबर कुरकुरीत लागतात. काकूंकडे सगळ्यात घट्ट गड्डा दिला.

एक रोप मुद्दाम न काढता ठेवलं होतं. त्याचा गड्डा सुटला, पण नाशिकची थंडी त्याला बी धरण्याइतकी पुरली नाही. काही दांडे लांबले आणि फेब्रुवारीच्या उन्हात करपले. बी विकतच घ्यावं लागणार.

आता त्या वाफ्यातली मुळं खणून काढली आहेत आणि भेंडी पेरली आहे. घाण्याचे जिवाणू जुन्या अवशेषांत टिकतात, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं तिथं फ्लॉवर नाही, कोबी नाही, मुळा आणि मोहरीसुद्धा नाही. येत्या श्रावणासाठी कुंपणालगतचा वाफा ठरवला आहे. तिथं सध्या शेणखत टाकून ठेवलं आहे, आणि या खेपेला एक ओळ पुसा बीटाकेसरीची लावायची आहे, नारिंगी गड्ड्याची, जिच्यात बीटा कॅरोटिन असतं. बी मिळवायच्या खटपटीत आहे.